गाडी घालून घड्याळाचे दुकान फोडले तर : खर्च किती, परत काय मिळते?

15 एप्रिल 2007 रोजी दुबईच्या वाफी मॉलमध्ये दोन ऑडी गाड्या प्रवेशद्वार तोडून थेट आत शिरल्या. त्यांच्या धडकेने ग्राफ या जवाहिऱ्याच्या दुकानाचे दार मोडले, चेहरे झाकलेली माणसे आत घुसली आणि काही मिनिटांत माल भरून गाड्या आल्या तशा निघून गेल्या. नोव्हेंबर 2012 मध्ये लंडनच्या ब्रेंट क्रॉस मॉलमध्ये सहा जण तीन मोटरसायकलींवरून भरदिवसा आत आले आणि फ्रेझर हार्ट या घड्याळ-दागिन्यांच्या दुकानाच्या काचा फोडून गेले. हे परदेशातच घडते असे कुणी म्हणू नये. एप्रिल 2022 मध्ये मिरज तालुक्यातल्या आरगमध्ये चोरांनी एटीएम केंद्रात जेसीबी घातला आणि यंत्रच उखडून काढले. ते सीसीटीव्ही चित्रण देशभर पाहिले गेले.

महागड्या घड्याळांच्या दुकानाला ही पद्धत अधिक लागू पडते. सोन्याचे दुकान लुटले तर वजन उचलावे लागते. इथे पाच-दहा लाखांचा ऐवज मुठीत मावतो, मनगटावर घालून विमानतळावरून बाहेर नेता येतो आणि दुसऱ्या देशात विकता येतो. शिवाय आपली नेहमीची शटरे पहार, कटावणी आणि जॅकचा विचार करून बनवलेली असतात. दीड-दोन टनांची गाडी मागे घेऊन दणका दिला तर ती टिकत नाहीत.

दुकान चालवणारे आणि तिथे घड्याळ विकत घेणारे किंवा दुरुस्तीला ठेवणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगते. बहुतेक दुकानदार पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी कॅमेरे, मग सायरन, मग जमले तर तिजोरी आणि शेवटी विमा. कॅमेरा चोरी थांबवत नाही, तो फक्त नंतर दाखवतो. गाडी घालणाऱ्या टोळीचे काम काही मिनिटांत उरकते आणि पोलीस कितीही तत्पर असले तरी त्यांना 112 वर खबर मिळाल्यानंतरच निघता येते. म्हणून पहिला खर्च असा हवा, की चोर आत आला तरी त्याच्या हाताला काही लागू नये.

आधी माल हलवा, मग खांब रोवा

सर्वांत स्वस्त उपाय रोजच्या अर्ध्या तासाचा आहे. दुकान बंद करताना शोकेसमधले प्रत्येक घड्याळ उचलून तिजोरीत ठेवायचे, मखमली उशा आणि स्टँड रिकामे ठेवायचे आणि आतला दिवा चालू ठेवायचा, म्हणजे बाहेरूनच शोकेस रिकामे दिसेल. कर्मचाऱ्यांना कंटाळा येतो, उशीर होतो, आणि सणासुदीला ‘आजच्या दिवस राहू द्या’ असे म्हटले जाते. त्या एका रात्रीची किंमत किती पडू शकते ते विम्याच्या भागात येईल.

तिजोरी म्हणजे पत्र्याचे कपाट नव्हे. घरफोडीरोधक, प्रमाणित, जमिनीत बोल्टने पक्की केलेली तिजोरी हवी. दुकानाच्या कामाची तिजोरी साधारण दीड-दोन लाखांपासून सुरू होते आणि आकार व दर्जा वाढेल तशी पाच-सात लाखांच्या पुढे जाते. ती वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर स्लॅब वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या. आणि ती दर्शनी भिंतीला लागून कधीही ठेवू नका. गाडी त्याच बाजूने येणार आहे.

त्यानंतर खांब, ज्यांना बोलार्ड म्हणतात. काँक्रीट भरलेला जाड पोलादी पाइप, जमिनीखाली नीट पाया घेऊन रोवलेला. साधा खांब पायासकट दहा ते वीस हजारांत होतो. 12 फुटी दर्शनी भागाला दोन-तीन खांब पुरतात, कारण दोन खांबांमधली मोकळी जागा सव्वा मीटरच्या आत असली की मोटार शिरत नाही आणि चाकाच्या खुर्चीवरचा ग्राहक मात्र येऊ शकतो. धडक-चाचणी झालेले खांब वेगळेच असतात. त्यांच्यावर एम-30 असे मानांकन दिसले तर त्याचा अर्थ असा, की साधारण 6,800 किलोचा ट्रक ताशी 48 किलोमीटर वेगाने आदळवून त्यांची परीक्षा घेतली आहे. त्यांचा खर्च लाखांत जातो आणि लक्ष्मी रोडसारख्या ठिकाणी त्यांची गरज नाही, कारण तिथे गाडीला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. हमरस्त्याला काटकोनात उघडणारे, समोर मोकळे पार्किंग असलेले दुकान असेल तर मात्र जरूर विचार करा. खांब आपल्या हद्दीतच रोवा. पदपथ महापालिकेचा असतो. परवानगीशिवाय तिथे रोवलेला खांब अतिक्रमण ठरतो आणि त्याला कुणी अडखळून पडले तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

शटर बदलायचे असेल तर साधारण 300 ते 500 रुपये चौरस फूट धरा, म्हणजे 12 बाय 10 च्या दारासाठी 36 ते 60 हजार. भरीव शटरापेक्षा आरपार दिसणारे जाळीचे शटर बरे. चादर आडवी धरून आत निवांत काम करणाऱ्या टोळ्यांना भरीव शटर आडोसाच देते. दर्शनी काच लॅमिनेटेड असावी. ती तडकते, पण मधल्या पापुद्र्यामुळे एकसंध राहते आणि चोराचा वेळ खाते. खोलीत क्षणात दाट धूर सोडणारी फॉग यंत्रे परदेशात नावाजली गेली आहेत. वाहने घालून दुकाने फोडण्याचा उपद्रव वाढल्यावर न्यूझीलंड सरकारने 2022 मध्ये छोट्या दुकानांना असे यंत्र बसवण्यासाठी 4,000 डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. त्यावरून यंत्राच्या किमतीचा अंदाज येतो. आठ कॅमेऱ्यांची बरी यंत्रणा 50 हजार ते लाखात बसते. तिचे रेकॉर्डिंग दुकानाबाहेर, क्लाउडवरही जायला हवे, नाहीतर चोर डबाच उचलून नेतो. रात्रीच्या सुरक्षारक्षकाला महिना 18 ते 25 हजार लागतात. एजन्सीकडे खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना आहे का, तेवढे पाहून घ्या. शहर आणि दर्जा यांनुसार हे सगळे आकडे हलतात, म्हणून तीन ठिकाणचे लेखी कोटेशन मागवल्याशिवाय होकार देऊ नका.

विमा : इथेच सर्वाधिक पैसे बुडतात

गाडी घालून झालेल्या चोरीत नुकसान दोन प्रकारचे असते, आणि ते बहुधा दोन वेगळ्या पॉलिसींत मोडते. शटर, काच, खांब, फर्निचर हे इमारतीचे नुकसान. गेलेली घड्याळे हे मालाचे नुकसान.

पहिल्यासाठी आगीच्या विम्याची पॉलिसी. 1 एप्रिल 2021 पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. बाहेरून वाहन आदळून झालेले नुकसान तिच्यात येते. विमा रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी या पॉलिसीत कपात होत नाही, ही तिची जमेची बाजू. दुसऱ्यासाठी बर्गलरी पॉलिसी किंवा जवाहिऱ्यांसाठीची ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी. बर्गलरीच्या दाव्यात जोरजबरदस्तीने प्रवेश झाला हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. गाडी घातली असेल तर तो पुरावा देणे अवघड नाही.

अवघड कलम दुसरेच आहे. ज्वेलर्स ब्लॉकच्या प्रचलित मजकुरात एक वगळणूक असते : रात्री दर्शनी शोकेसमध्ये ठेवलेला किंवा कामकाजाच्या वेळेनंतर तिजोरीबाहेर राहिलेला माल पॉलिसीत येत नाही. दिवाळीच्या गर्दीत थकून शोकेसमध्येच ठेवलेली दहा घड्याळे गेली, तर वर्षानुवर्षे हप्ता भरूनही त्यांचा एक रुपया मिळायचा नाही. आजच तुमच्या पॉलिसीचे ‘वगळलेल्या बाबी’ हे पान उघडा. दाव्यांच्या तक्रारींत वारंवार दिसते ते हेच, की हे पान पहिल्यांदा चोरीच्या दुसऱ्या दिवशी वाचले जाते.

कमी रकमेचा विमाही असाच महागात पडतो. समजा, दुकानात दोन कोटींचा माल आहे, पण हप्ता वाचवायला एक कोटीचाच विमा काढला. चोरीत 40 लाखांचा माल गेला. सरासरीचे कलम लागू झाले तर कंपनी म्हणेल, विमा निम्म्याचा होता, भरपाईही निम्मीच, म्हणजे 20 लाख. चोरी छोटी असली तरी कात्री लागतेच. परदेशी घड्याळांच्या किमती वर्षभरात बदलतात, म्हणून विमा रक्कम दर नूतनीकरणाला नव्याने ठरवली पाहिजे.

एक खर्च तर सीए सांगेपर्यंत लक्षातच येत नाही. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार परत करावे लागते. कराआधी 50 लाखांना घेतलेली घड्याळे गेली तर 18 टक्क्यांप्रमाणे 9 लाख रुपये सरकारला वेगळे द्यायचे. विमा रक्कम जीएसटी धरून आहे की न धरता, हे कंपनीकडून लेखी घ्या.

चोरीनंतर विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार दाव्याची नोंद झाल्यावर 24 तासांत सर्वेक्षक नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल 15 दिवसांत आणि कंपनीचा निर्णय त्यानंतर 7 दिवसांत यायला हवा. दावा फेटाळला गेला तर एकल मालकीचे दुकान विमा लोकपालाकडे जाऊ शकते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे ही कार्यालये आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात आणि शुल्क नाही. नकाराच्या पत्रापासून वर्षाच्या आत अर्ज करा. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. व्यापाऱ्याने काढलेला विमा नफ्यासाठी नसून नुकसान भरून काढण्यासाठी असतो, म्हणून तोही ग्राहक ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हरसोलिया मोटर्स प्रकरणात मान्य केले. आयोगाचे शुल्क गेलेल्या मालावर नाही, तर भरलेल्या हप्त्यावर ठरते. हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य, पाच ते दहा लाखांत 200 रुपये. मुदत दोन वर्षांची.

पोलीस काय करतात, तुम्ही काय करायचे

पोलिसांच्या कामाला तुम्हाला एक पैसाही पडत नाही. फिर्याद नोंदवणे मोफत, तिची प्रतही मोफत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि खबर ऑनलाइनही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची. कुणी नोंद घ्यायला नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

दुकान फोडणे हा पोलीस दप्तरी घरफोडीचाच गुन्हा. न्याय संहितेच्या कलम 331 प्रमाणे चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा 7 वर्षे किंवा त्याहून जास्त असलेल्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. म्हणून पोलीस येईपर्यंत काचा झाडू नका, सोडून दिलेल्या गाडीला हात लावू नका, कर्मचाऱ्यांना आत फिरू देऊ नका. चोर आत असताना कुणी घटनास्थळी पोहोचला तर त्याने अडवायला जाऊ नये. घड्याळासाठी माणूस गमावण्याची वेळ कुणावर येऊ नये.

मग नाकाबंदी, श्वानपथक, ठसे, मोबाइल टॉवरचा तपशील, टोलनाक्यांवरच्या नोंदी असा तपास फिरतो. महाराष्ट्र पोलिसांकडे ठसे आणि चेहरे पडताळणारी ‘अँबिस’ ही संगणकीय प्रणाली आहे. पण अशा गुन्ह्यात सर्वांत बोलका पुरावा बहुधा गाडीच असते. ती सहसा चोरीची किंवा भाड्याची निघते आणि तिच्यात माणसांच्या खुणा राहतात. वाफी मॉलमध्ये वापरलेल्या गाड्या नंतर जाळलेल्या सापडल्या, तरीही त्यांत मिळालेल्या डीएनएवरून संशयितांचा माग काढता आला. ‘पिंक पँथर्स’ नावाच्या या टोळीसाठी इंटरपोलने त्याच वर्षी वेगळा प्रकल्प सुरू केला, कारण एका देशाचे पोलीस तिला पुरे पडत नव्हते.

तुमचे काम दोन कागदांचे. पहिला कागद म्हणजे गेलेल्या प्रत्येक घड्याळाची यादी : कंपनी, मॉडेल, क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत. फिर्यादीत ‘अंदाजे 40 लाखांची घड्याळे’ असे मोघम लिहिले तर उद्या दुसऱ्या राज्यात ती सापडली तरी तुमचीच आहेत हे सिद्ध करता येत नाही. यादी जोडून द्या, नंतर आणखी काही आठवले तर पुरवणी जबाब द्या. दुसरा कागद सीसीटीव्हीचा. रेकॉर्डिंग 15-30 दिवसांत पुसले जाते, म्हणून आपली आणि शेजाऱ्यांची प्रत लगेच काढून घ्या. न्यायालयात ती चालण्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र हॅश मूल्यासह लागते. ते तपास अधिकाऱ्याकडून समजून घ्या. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. 91 व्या दिवशी तुम्ही लेखी विचारले पाहिजे.

माल सापडला तरी तो लगेच हातात येत नाही. तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर सोडवावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच बजावले होते, की मौल्यवान वस्तू वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यात पडू न देता पंचनामा आणि छायाचित्रे करून, हमी घेऊन मालकाला द्याव्यात. नव्या संहितेच्या कलम 497 मध्ये छायाचित्रण आणि पुढच्या आदेशासाठी मुदतीही घातल्या आहेत. इथे खर्च येतो तो वकिलाचा आणि बंधपत्राचा. विमा कंपनीने दावा आधीच दिलेला असेल तर परत मिळालेल्या मालावर हक्क कंपनीचा, हेही ध्यानात ठेवा.

तुमचे घड्याळ दुकानात दुरुस्तीला असेल तर

ज्याचे स्वतःचे घड्याळ त्या रात्री दुकानात होते, त्या ग्राहकाची अवस्था सर्वांत वाईट असते आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. करार कायद्याच्या कलम 151 आणि 152 नुसार दुकानदाराने तुमची वस्तू शहाणा माणूस स्वतःची सांभाळेल तशी सांभाळायची असते. तेवढी काळजी घेऊनही ती गेली, तर वेगळा करार नसल्यास तो भरपाईला बांधील नसतो. म्हणजे तिजोरीत ठेवलेले घड्याळ गेले तर दुकानदार सुटू शकतो, रात्री टेबलावर राहिलेले गेले तर सुटणे कठीण. आणि हे सगळे ठरायचे त्या पावतीवरून, जिच्यावर बहुतेक वेळा एवढेच खरडलेले असते : ‘एक घड्याळ, स्टील, सर्व्हिसिंग.’

ती पावती तशीच घेऊन बाहेर पडू नका. तिच्यावर क्रमांक, सध्याची अवस्था आणि दोघांना मान्य असलेली किंमत लिहून घ्या. ग्राहकांची घड्याळे दुकानाच्या विम्यात येतात का, ते सरळ विचारा. चांगला दुकानदार अशा प्रश्नाने रागावत नाही. क्रमांक कुठे असतो ते माहीत हवे. अलीकडच्या रोलेक्समध्ये तो काचेच्या आत, डायलभोवतीच्या चकचकीत कड्यावर सहाच्या आकड्याजवळ कोरलेला असतो. भिंगातून सहज वाचता येतो. जुन्यात तो पट्टा काढल्यावर दोन लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांच्या मध्ये, सहाच्या बाजूला सापडतो. इतर अनेक कंपन्या मागच्या झाकणावर किंवा लगावर कोरतात.

घरच्या विम्यातही घड्याळ आपोआप येते असे समजू नका. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे, ऐच्छिक संरक्षण मान्य किमतीवर घ्यावे लागते. दुरुस्तीसाठी घड्याळ बाहेर असताना ते लागू राहते का, हेही विचारून घ्या.

जुने घड्याळ विकत घेणाऱ्याने तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. चोरीच्या मालावर विकणाऱ्याची मालकी नसते, म्हणून ती तुमच्याकडेही येत नाही. वस्तुविक्री कायद्याचे कलम 27 तेच सांगते. पोलीस घड्याळ जप्त करून नेतील आणि दिलेले पैसे ज्याच्याकडून घेतले त्याच्यामागे लागून वसूल करावे लागतील. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला सबळ कारण असून घेतला तर न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि घड्याळावरचा क्रमांक तिन्ही जुळतात का ते पाहा. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा प्राप्तिकर, घेऊन तो खरेदीदाराच्या पॅनवर जमा करावा लागतो. त्यानंतर घेतलेल्या महागड्या घड्याळाची कागदोपत्री खूण त्यामुळे मागता येते. रिशमाँ समूहाने 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘एन्क्वायरस’वर चोरीला गेलेल्या घड्याळाचा क्रमांक मोफत नोंदवता आणि तपासता येतो. लंडनचे ‘द वॉच रजिस्टर’ शुल्क घेऊन हीच तपासणी करते. दुकानदारांनीही चोरीनंतर पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे नोंद करावी, कारण ही घड्याळे विक्रीला राज्याबाहेर, कधी देशाबाहेर निघतात आणि फिर्यादीची प्रत तिथल्या खरेदीदारासमोर नसते.

दुकानदारांनी या आठवड्यात पॉलिसीतले वगळणुकीचे पान वाचून शोकेस रात्री रिकामे करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्यावी. आणि वाचकांनो, घरात महागडे घड्याळ असेल तर आज त्याचा क्रमांक वाचा, बिलासह फोटो काढा आणि तो घरातल्या आणखी एका माणसाकडे पाठवून ठेवा.